अळंबी झाड नाही आणि नायट्यात किडा नाही

पावसानं जी झड धरलीय ती काय सुटायचं नाव घेत नाही, आणि पत्रंही तशीच धो धो आलीत. खानापूर, जांबोटी, निपाणी, चिकोडी, शहापूर, संकेश्वर, कुठनं कुठनं. बहुतेकांचा विषय मात्र एकच, बुरशी. कुणाच्या शेंगदाण्यावर आलीय, कुणाच्या बटाट्यावर, कुणाच्या मांडीवर. मी बेळगावात कॉलेजला तीस वर्षं वनस्पतीशास्त्र शिकवलं आणि हा धडा दरवर्षी घाईत उरकला, पोर्शन संपवायचा असायचा म्हणून, त्याची रुखरुख अजून आहे. त्यामुळे यावेळचं सगळं सदर बुरशीलाच देतेय. काही उत्तरं लांबलीत, पण विषयच तसा आहे.

प्रश्न (नववीतली विद्यार्थिनी, खानापूर): बाई, मी मराठी मीडियमला आहे. आमच्या पुस्तकात कवक लिहिलंय, घरी आई बुरशी म्हणते, आणि आजी अळंबीला बुरशी म्हटलं की चिडते. शेजारची मैत्रीण कन्नड मीडियमला आहे, तिच्या पुस्तकात शिलींध्र आहे. हे सगळं एकच काय? आणि ही झाडं आहेत का नाहीत?

उत्तर: घराणं एकच आहे गं, नावं वेगवेगळ्या जागेवरनं दिलेली आहेत. कवक हा पुस्तकातला शब्द, सगळ्या घराण्याला मिळून. बुरशी म्हणजे आपल्याला भाकरीवर, भिंतीवर, चपलेवर जी केसाळ नाहीतर पावडरीसारखी दिसते ती. अळंबी म्हणजे त्याच घराण्यातले काहीजण जमिनीच्या वर जे छत्रीसारखं काढतात ते. बेकरीतलं यीस्ट पण ह्यांच्यातलंच, फक्त ते एकेका पेशीचं असतं आणि पेशीला कोंब फुटून वाढतं. आणि शिलींध्र हा शब्द मूळचा संस्कृत, त्याचा तिथला अर्थ अळंबीच, म्हणजे कन्नडनं अळंबीचा शब्द उचलून सगळ्या घराण्याला दिला, आणि रोजच्या बोलण्यात अळंबीला अणबे ठेवलं. तू दोन्ही शब्द पाठ कर, पुढं कॉलेजात उपयोगी पडतील. आजीला सांग की तिचंही बरोबर आहे, सगळी बुरशी काही अळंबी काढत नाही.

आता झाड का नाही ते नीट बघ. मी शाळेत असताना बुरशी म्हणजे हरितद्रव्य नसलेली वनस्पती असं घोकलं होतं, आणि बऱ्याच लोकांच्या डोक्यात अजून तेच आहे. पण १९६९ साली रॉबर्ट व्हिटेकर या अमेरिकन शास्त्रज्ञानं सजीवांची पाच गटांत विभागणी मांडली आणि त्यात कवकांना वनस्पतींच्या शेजारी स्वतःचं वेगळं राज्य दिलं. कारण जेवायची पद्धतच वेगळी. झाड उन्हावर स्वतःचं अन्न करतं. आपण आणि जनावरं आधी खातो मग पोटात पचवतो. बुरशी आधी पचवते मग खाते, म्हणजे ती आपले पाचक रस बाहेर भाकरीवर सोडते, भाकरी तिथंच विरघळते, आणि विरघळलेलं ती अंगानं शोषून घेते. म्हणून शिळी भाकरी बुरशीखाली अशी मऊ, ओलसर लागते.

दुसरं म्हणजे अंग कशाचं बनलंय. झाडाच्या पेशीची भिंत सेल्युलोजची, बुरशीची कायटिनची, आणि कायटिन म्हणजे खेकड्याच्या पाठीत, कोळंबीच्या सालात असतं तेच. झाड शिल्लक अन्न स्टार्च करून ठेवतं, बुरशी ग्लायकोजेन करून, जसं आपलं लिव्हर ठेवतं. डीएनए तपासल्यावर तर हे अगदी पक्कं झालं की बुरशीची फांदी झाडांपेक्षा प्राण्यांच्या जवळ आहे. म्हणजे अळंबीचं तुझ्याशी नातं जवळचं, ती ज्या गवतात उगवते त्या गवताशी लांबचं. हे एवढं एक डोक्यात ठेव, कारण ह्याच पानावर खाली औषधांची भानगड येईल ती ह्याच्यामुळेच.

परीक्षेसाठी शब्द सांगते. बुरशीचा एक एक धागा म्हणजे कवकतंतू, इंग्लिशमध्ये हायफा. ह्या धाग्यांचं सगळं जाळं म्हणजे कवकजाल, मायसेलियम. हेच खरं शरीर, आणि ते माती, लाकूड, भाकरी ह्यांच्या आत असतं. अळंबी हे त्याचं फळासारखं, बीजाणू (म्हणजे बुरशीचं धुळीसारखं बारीक बी) पसरायचं काम झालं की दोन-तीन दिवसांत गळून जातं. मेलेल्यावर जगते ती मृतोपजीवी, जिवंतावर जगते ती परजीवी, देवाणघेवाण करून राहते ती सहजीवी. आपल्या बहुतेक झाडांच्या मुळांना अशी सहजीवी बुरशी लागलेली असते, ती लांबनं फॉस्फरस आणि पाणी आणून देते आणि झाड तिला साखर देतं.

आणि हे जाळं किती मोठं होतं म्हणशील तर अमेरिकेत ओरेगॉन राज्यात मॅल्हर जंगलाखाली आर्मिलेरिया नावाच्या बुरशीचं एकच जाळं ९ चौरस किलोमीटरपेक्षा जास्त पसरलंय, वय २ हजार वर्षांच्या वर धरतात. आतापर्यंत माणसानं दीड लाखाच्या आसपास कवकांना नावं दिलीत, आणि अंदाज असा की जगात २२ ते ३८ लाख जाती असाव्यात. म्हणजे तुझ्या वर्गातल्या कुणीतरी पुढं एखादं नाव ठेवायला भरपूर जागा आहे.

रविवारी एक कर. बाजारातलं मशरूम आण, पण छत्री पूर्ण उघडलेलं बघून आण, देठ मोडून टाक, छत्री पाकळ्यांची बाजू खाली करून पांढऱ्या कागदावर ठेव, वर वाटी झाक आणि रात्रभर हात लावू नको. सकाळी कागदावर छत्रीच्या खालच्या पाकळ्यांची नक्षी उमटलेली असेल, बटन मशरूमची चॉकलेटी रंगाची येते. तो सगळा रंग म्हणजे बीजाणू, एका छत्रीतले कोट्यवधी. मी पहिल्यांदा ते बघितलं तेव्हा कॉलेजात शिकत होते, तो कागद मी कितीतरी वर्षं जपून ठेवला होता.

प्रश्न (एक वाचक, जांबोटी): पहिले दोन-चार गडगडाट झाले की आमच्या रानात वारुळावर अळंबी येते. गडगडाटानंच येते म्हणतात ते खरं काय? आणि हीच अळंबी बटन मशरूमसारखी घरी का पिकवता येत नाही? विषारी ओळखायला आमच्यात चांदीचं नाणं टाकून शिजवतात, ते बरोबर आहे का?

उत्तर: तीन प्रश्न आहेत, तिसरा जिवाचा आहे म्हणून तोच आधी घेते. नाण्याचा भरवसा अजिबात धरू नका. नाणं काळं पडतं ते गंधकामुळं, विषाचा त्याच्याशी संबंध नाही. लसूण टाकणं, हळद टाकणं, तांदूळ लाल होतो का बघणं, किड्यानं खाल्लीय म्हणजे चांगली असं धरणं, ह्यातलं एकही खरं नाही. अमॅनिटा कुळातल्या काही अळंबींत अमॅटॉक्सिन नावाचं विष असतं, ते शिजवून जात नाही, वाळवून जात नाही, चवीलाही काही कळत नाही. आणि सगळ्यात वाईट म्हणजे त्रास लगेच होत नाही. सहा ते बारा तास, कधी त्याहून उशिरा उलट्या-जुलाब सुरू होतात, मग एखादा दिवस बरं वाटतं, घरचे म्हणतात उतरलं, आणि आतनं लिव्हर जात असतं. म्हणून अळंबी खाल्ल्यावर बऱ्याच तासांनी पोट बिघडलं तर बरं वाटायची वाट बघत बसू नका, सरळ मोठ्या दवाखान्यात जा आणि उरलेली अळंबी, शिजवलेली असली तरी, डब्यात घालून बरोबर न्या, डॉक्टरांना उपयोग होतो. गायरानात, कॉलेजच्या लॉनवर पावसात ती मोठी पांढरी छत्री येते ना, जिच्या पाकळ्या जुन्या झाल्यावर हिरवट होतात, तिनं जीव सहसा जात नाही पण माणूस पार गळून जातो, आणि दिसायला ती इतकी देखणी असते की लोक फसतात.

मग ओळखायचं कसं? आज्जीबरोबर, मामाबरोबर पंचवीस पावसाळे त्याच रानात हिंडून जी ओळख होते तीच खरी, आणि ती सुद्धा त्या रानापुरती. नवीन जागी गेलात तर ती ओळख चालत नाही. फोटो पाठवून ही खाऊ का विचारणाऱ्यांना मी कधीच हो म्हणत नाही, कृपा करून राग मानू नका.

आता वारुळाची. ही टर्मिटोमायसिस, नाव १९४२ साली रॉजे हाइम ह्या फ्रेंच शास्त्रज्ञानं दिलं. वारूळ खणलेल्या माणसाला माहीत असतं, आत स्पंजासारखे, मधाच्या पोळ्यासारखे गोळे असतात आणि त्याच्यावर पांढरे बारीक मणी. ती वाळवीची शेती आहे. वाळवी वाळका पाला, लाकूड चावून आणते, पण लाकडातला कठीण भाग तिला पचत नाही, मग त्या चोथ्यावर ती ही बुरशी वाढवते, बुरशी ते मऊ करते, आणि वाळवी ते खाते. माणसानं शेती सुरू करून दहा-बारा हजार वर्षं झाली, वाळवीची शेती साधारण ३ कोटी वर्षांपासून चालू आहे. वारुळाची अळंबी उपटताना खाली लांबच लांब शेपटासारखं मूळ येतं आणि मध्येच तुटतं बघा, ते मूळ खाली त्या बागेपर्यंत गेलेलं असतं. घरी का पिकत नाही त्याचं उत्तरही हेच, वाळवीशिवाय तिचा संसार चालत नाही. लोकांनी जाळं प्रयोगशाळेत वाढवलंय, पण बटनसारखा धंदा काही जमलेला नाही. तुम्हाला घरी करायचंच असेल तर ढिंगरी (ऑयस्टर मशरूम) करा, भाताच्या पिंजरावर, म्हणजे पेंढ्यावर होते, खानापूर भागात पिंजराला काय तोटा, फक्त पिंजर उकळत्या पाण्यातनं काढून निथळून घ्यायचं म्हणजे दुसरी बुरशी आधी येऊन बसत नाही, आणि स्पॉन, म्हणजे अळंबीचं बियाणं, ताजं, खात्रीच्या ठिकाणचं घ्यायचं.

गडगडाटाचं म्हणाल तर जुन्या संस्कृत कवींनी सुद्धा मेघगर्जना आणि शिलींध्र ह्यांची जोडी लावलीय, म्हणजे तुमचं निरीक्षण नवीन नाही. गडगडाटाबरोबर पाऊस येतो, जमीन भिजते, गारवा येतो, वारुळातलं हवामान बदलतं आणि अळंबी वर येते, हे मुख्य. पण जपानच्या इवाते विद्यापीठात लोकांनी शिताके मशरूमच्या ओंडक्यांना मोठ्या व्होल्टेजचे झटके देऊन बघितले तर पीक खरंच वाढलं. तेव्हा विजेचा काहीच संबंध नाही असं मी छातीठोक म्हणणार नाही, वारुळाच्या अळंबीला तो कितपत लागू आहे हा वेगळा भाग. आणि एक मागणं, सगळ्या अळंबी काढू नका, थोड्या उमलून जाऊ द्या, आणि वारूळ तर फोडूच नका. नागपंचमीला आपण त्याच वारुळाला लाह्या-दूध घालून हात जोडतो.

प्रश्न (एक गृहिणी, शहापूर, बेळगाव): सून मशरूमची भाजी करते. सासूबाई म्हणतात श्रावणात चालायची नाही, ते मांसासारखंच आहे. सून म्हणते भाजीच्या गाड्यावर मिळतं म्हणजे भाजी. कोण बरोबर?

उत्तर: शास्त्राच्या हिशेबानं दोघीही थोड्या थोड्या चुकतात, कारण ते भाजी पण नाही आणि मांस पण नाही, तिसरंच आहे, वर नववीतल्या मुलीला सांगितलंय ते वाचा. त्यात प्राण्याचं रक्त-मांस नाही, कोलेस्टेरॉल नाही, त्याच्या जागी एर्गोस्टेरॉल नावाचा त्याचा भाऊ असतो. जैन घरात मशरूम खात नाहीत, त्यांची स्वतःची कारणं आहेत, आणि ती घराच्या श्रद्धेची गोष्ट, तिथं माझं मायक्रोस्कोप कामाचं नाही. श्रावणापुरतं सासूबाईंचं ऐकलं तर काय बिघडतं, भाद्रपदात करा की भाजी. एक उपयोगाचं सांगते, मशरूम चिरून, भाजी करायच्या आधी तासभर उन्हात ठेवा, एर्गोस्टेरॉलचं उन्हानं डी व्हिटॅमिन होतं.

प्रश्न (एक वाचक, निपाणी): ब्रेडचा एक तुकडा बुरशीचा निघाला तर तेवढा काढून बाकीचा खाल्ला तर चालतो का? आणि घरच्या शेंगांत थोडे दाणे बुरशीचे निघतात, ते आम्ही भाजून घेतो नाहीतर म्हशीला घालतो.

उत्तर: ब्रेड टाका. हिरवा-काळा ठिपका दिसतो तो बीजाणूंचा, त्याच्या आधीच धागे आत लांबवर गेलेले असतात, आणि ब्रेड, भात, चटणी, लोणचं असल्या मऊ-ओल्या वस्तूत ते कुठवर गेले हे डोळ्याला दिसत नाही. एखादं गाजर असेल, कडक असेल, तर बोटभर जास्त कापून उरलेलं घ्यायला हरकत नाही.

शेंगदाण्याचं मात्र फार गंभीर आहे, आणि हे मला सगळ्यांना ओरडून सांगावंसं वाटतं. दाण्यावर जी पिवळट हिरवी बुरशी येते ती बहुतेक ॲस्परजिलस फ्लेव्हस. ती अफ्लाटॉक्सिन नावाचं विष करते आणि त्यानं लिव्हरचा कॅन्सर होतो हे सिद्ध झालेलं आहे. हे विष कळलं कसं, तर १९६० साली इंग्लंडात एका वर्षात एक लाखाच्या वर टर्की कोंबड्या पटापट मेल्या, रोग काही सापडेना, शेवटी शोध लागला की त्यांच्या खाद्यातली शेंगदाण्याची पेंड बुरशीची होती. तुम्ही भाजता त्यानं बुरशी मरते, पण विष बरंचसं तसंच राहतं, चुलीच्या आचेला ते दाद देत नाही. आणि म्हशीला घातलंत तर तेच विष थोडं रूप बदलून दुधात उतरतं आणि दूध कोण पितं, तर घरातलं सगळ्यात लहान पोर. तेव्हा सुरकुतलेला, काळपट, कडू दाणा वेचून टाकायचा, म्हशीला नाही, कोंबडीला नाही. शेंगा काढल्यावर ढिगात ओल्या ठेवू नका, वाळवून दाणा खुळखुळला पाहिजे, मग पोत्यात भरा, पोती भिंतीला न लावता फळीवर ठेवा.

आणि काहीजण विचारतात, मग दही, इडलीचं पीठ हे पण बुरशीच का? नाही. दही पूर्ण बॅक्टेरियाचं काम. इडलीचं पीठ फुगतं ते सुद्धा मुख्य बॅक्टेरियानं, यीस्ट असतं सोबतीला. पाव फुगतो तो मात्र यीस्टनं, म्हणजे बुरशीच्या घराण्यानं.

प्रश्न (बटाटा करणारा शेतकरी, बेळगाव तालुका): बाई, सोयाबीनवर तांबेऱ्याला हेक्साकोनॅझोल मारलं, एकदम मस्त रिझल्ट आला. तेच उरलेलं बटाट्याच्या करप्यावर मारलं तर आठ दिवसात सगळा वेल काळा पडून झोपला. औषध डुप्लिकेट होतं काय?

उत्तर: औषध चांगलं असणार, म्हणून तर सोयाबीन वाचलं. घोळ करपा ह्या नावात आहे. आपण पान करपलं की करपा म्हणतो आणि त्या एका नावाखाली दोन पार वेगळे रोग येतात. एक लवकर येणारा, त्यात पानावर वाळके ठिपके आणि ठिपक्यात गोल गोल कड्या असतात, हा अल्टरनेरिया, खरी बुरशी. दुसरा उशिराचा, त्यात ढगाळ थंड पावसाळी हवेत पानाच्या कडेनं पाणी लागल्यासारखे काळपट चट्टे, सकाळी पान उलटं केलं की चट्ट्याच्या कडेला पांढरी लव, आणि मग आठवड्यात रान काळं. तुमचं वर्णन ह्याच्याशी जुळतंय. हा फायटोफ्थोरा, आणि हा बुरशीसारखा दिसतो, धागे करतो, बीजाणू करतो, पण बुरशी नाहीच. ह्याच्या गटाला ऊमायसीट म्हणतात, जवळचे नातेवाईक म्हणजे समुद्रातली तपकिरी शेवाळं. भिंत कायटिनची नाही, सेल्युलोजची.

आता औषधाचं. हेक्साकोनॅझोल, टेब्युकोनॅझोल असली ॲझोल औषधं बुरशीच्या पेशीत एर्गोस्टेरॉल तयार व्हायचं थांबवतात. फायटोफ्थोरा ते तयारच करत नाही, मग थांबवायचं काय? सोयाबीनचा तांबेरा खरी बुरशी आहे, तिथं औषध लागू पडलं. ह्या करप्याला मॅन्कोझेबसारखं वरनं बसणारं औषध रोग यायच्या आधी, हवा तशी दिसायला लागली की मारावं लागतं, आणि आल्यावर मेटालॅक्झिलसारखं ऊमायसीटचं औषध मिसळलेलं. तेही परत परत एकच मारलं तर रोग सवयीचा होतो. प्रमाण आणि आलटून-पालटून काय घ्यायचं ते रैत संपर्क केंद्रात पान घेऊन जाऊन विचारा, दुकानात नुसतं करपा आहे एवढं सांगू नका.

तुमचं नुकसान वाचून वाईट वाटलं. ह्याच रोगानं १८४५ पासनं आयर्लंडमध्ये बटाटा सडला आणि दुष्काळात दहा लाखांच्या आसपास माणसं मेली, तेव्हा कारण पक्कं कळलं नव्हतं, बरेच लोक हवेला दोष देत होते. नंतर अंतोन द बारी ह्या जर्मन शास्त्रज्ञानं कारण दाखवलं आणि १८७६ साली फायटोफ्थोरा हे नाव दिलं, ग्रीकमध्ये अर्थ झाडांचा नाश करणारा. अथणी भागातल्या द्राक्षवाल्यांनी पण हे वाचावं, तुमच्या वेलीवरचा केवडा रोग ऊमायसीट आहे आणि भुरी रोग खरी बुरशी आहे, दोघांची औषधं वेगळी. केवड्याला चालणारं मोरचूद-चुन्याचं बोर्डो मिश्रण फ्रान्समध्ये बोर्डो भागात सापडलं, रस्त्याकडेची द्राक्षं कुणी तोडू नयेत म्हणून तिथं ते शिंपडायचे आणि मिलार्डे नावाच्या प्राध्यापकाच्या लक्षात आलं की तेवढ्याच वेली हिरव्या राहिल्यात. १८८५ साली त्यानं ते छापलं. आणि सोयाबीनवाल्यांना, तांबेरा दरवर्षी येत असेल तर फवारणीच्या आधी बियाण्याचा विचार करा, धारवाड कृषी विद्यापीठाचं डीएसबी २१ हे वाण तांबेऱ्याला दाद न देणारं म्हणूनच काढलेलं आहे.

प्रश्न (एक वाचक, चिकोडी): मांडीला नायटा आहे, दोन वर्षं झाली. मेडिकलमधनं ट्यूब आणतो, चार दिवसात खाज जाते, परत येतो, आता बायकोला आणि पोरालाही आलाय. आतला किडा मरत नाही काय?

उत्तर: किडा नाहीच आत. इंग्लिशमध्ये रिंगवर्म म्हणतात, त्यात वर्म आहे, म्हणून हा गैरसमज सगळीकडं झालाय. ही ट्रायकोफायटॉनसारखी बुरशी, कातडीच्या वरच्या मेलेल्या थरातलं केराटिन खाते आणि बाहेरच्या बाजूला सरकत जाते, मधली कातडी सुधारते, म्हणून कडं दिसतं.

तुमची ट्यूब कुठली ते लिहिलं नाहीत, पण चार दिवसात खाज जाऊन परत येतं म्हणजे त्यात स्टेरॉइड असायची दाट शक्यता. स्टेरॉइड खाज आणि लाली दाबतं, बुरशीला मारत नाही, उलट कातडीचा पहारा उठवतं. बुरशी आत आरामात पसरते, कड्याचा आकार सुद्धा पुसट होतो मग डॉक्टरलाही ओळखायला अवघड जातं. आपल्या देशात अशा ट्यूबा मनानं वापरून वापरून नायटा हट्टी झालाय, टर्बिनाफिन ह्या औषधाला न जुमानणारी एक जात तर इतकी पसरली की २०२० साली तिला नावच ट्रायकोफायटॉन इंडोटिनी असं पडलं. तेव्हा ट्यूब बंद करा, कातडीच्या डॉक्टरांकडं घरातले तिघंही एकदमच जा, गोळ्या दिल्या तर बरं वाटलं म्हणून मध्येच सोडू नका. टॉवेल वेगळे, चड्डी-बनियन गरम पाण्यात धुऊन उन्हात, आणि पावसाळ्यात ऊन नसेल तर इस्त्री फिरवा, शिवणीवर जास्त. ओल्या कपड्यात दिवसभर काम करू नका असं लिहिताना मला कळतंय की ऊसतोडीला, रोपलावणीला ते जमत नाही, पण घरी आल्यावर पहिलं कोरडं तरी व्हा.

औषधं इतकी कमी का, असं पुष्कळजण विचारतात. बॅक्टेरिया आपल्यापासून फार वेगळा, त्याच्या भिंतीवर मारलेलं पेनिसिलिन आपल्या पेशीला लागत नाही कारण आपल्याला ती भिंतच नाही. (ते पेनिसिलिन १९२८ साली लंडनमध्ये फ्लेमिंगला मिळालं तेही एका बुरशीतनंच.) बुरशी मात्र आपल्या जवळची, तिला मारायला गेलं की आपल्यालाही लागतं, म्हणून एर्गोस्टेरॉलसारख्या चार-दोन फरकाच्या जागा शोधून तिथंच मारावं लागतं. २०२१ साली कोविडनंतर म्युकर आला, त्याला आपण काळी बुरशी म्हटलं, तेव्हा एका इंजेक्शनसाठी लोक बेळगाव, हुबळी, मिरज पालथं घालत होते ते आठवत असेल. ती बुरशी काळी नव्हती, ती रक्तवाहिन्या बंद करते आणि मेलेला भाग काळा पडतो. बहुतेक वेळा ती रायझोपस, ब्रेडवर जी येते तिच्याच कुळातली, चांगल्या माणसाच्या नाकातनं रोज जाते आणि काही करत नाही, पण साखर वाढलेली आणि स्टेरॉइड चालू असलेली माणसं सापडली. त्यात ज्यांनी माणूस गमावला त्यांच्यापैकी दोघांनी ह्यावेळी पत्रं पाठवलीत, त्यांना एवढंच सांगते की ती माणसामाणसात पसरत नाही, तुम्ही जवळ बसलात म्हणून काही झालं नाही, आणि घरात ठेवलेल्या कशामुळं झालं असंही मनाला लावून घेऊ नका.

प्रश्न (एक वाचक, संकेश्वर): मसाल्यातलं दगडफूल म्हणजे शेवाळ ना?

उत्तर: अर्धं. दगडफूल म्हणजे लायकेन, बुरशी आणि शैवाल ह्यांचा एकत्र संसार. घर बुरशीचं, स्वयंपाक शैवालाचा, कारण हरितद्रव्य त्याच्याकडं. हे १८६०च्या दशकात श्वेंडेनर ह्या स्विस शास्त्रज्ञानं मांडलं तेव्हा मोठमोठ्या लोकांनी त्याला वेड्यात काढलं होतं. म्हणजे संकेश्वरी मिरचीच्या मसाल्यात तुमची आजी पिढ्यानपिढ्या बुरशी भाजून घालत आलीय, आणि तो वास तिचाच.

प्रश्न (कॉलेजचा विद्यार्थी, कणकुंबी): मागच्या जुलैत रात्री घाटाच्या रानात पडलेलं लाकूड हिरवट चमकत होतं. गावात म्हणतात भुताचं आहे, तिकडं जायचं नाही. काय होतं?

उत्तर: बुरशीच होती, आणि तू नशीबवान आहेस, मी आयुष्यात दोनदाच बघितलंय. सह्याद्रीत भर पावसात कुजक्या लाकडावर मायसिनासारख्या बुरशीचं जाळं असं चमकतं. ल्युसिफेरिन नावाचं द्रव्य हवेतल्या ऑक्सिजनशी जुळतं आणि उजेड पडतो, काजव्यासारखंच पण रसायन वेगळं, आणि काजवा लुकलुकतो तसं नाही, हे एकसारखं जळत राहतं. उष्णता अजिबात नसते, हात लावून बघ, लाकूड गारच लागेल. वाळलं की विझतं, म्हणून तुकडा घरी आणून काही उपयोग नाही.

भीमगड अभयारण्य २०११ साली झालं, तिथली रानं अजून तशी ओली आणि दाट आहेत म्हणून ही दिसतेय. परत जाशील तेव्हा वनखात्याला विचारून, बरोबर कुणीतरी मोठं घेऊन जा, भुताला नाही पण सापाला आणि अस्वलाला भ्यायला पाहिजे. अमावस्येच्या आसपास, पाऊस उघडल्यावर. बॅटरी बंद करून पंधरा मिनिटं नुसतं उभं राहा, डोळे अंधाराला सरावले की दिसायला लागतं. मोबाईलमध्ये नीट येणार नाही, पण कुठल्या झाडाचं लाकूड होतं, किती ओलं होतं, सालीखाली चमकत होतं का वर, एवढं वहीत लिहून आण आणि मला पाठव.